साहेबांसाठी शंभर वॅट

माणूस निवृत्त झाला की त्याने देवाचं तरी करावं नाहीतर नातवंडांचं, असं भाईंदरच्या आमच्या इंद्रलोक वसाहतीतल्या बायकांचं ठाम मत आहे. मी रेडिओचं करतो. बाल्कनीत प्लायवूडचं एक टेबल आहे, त्यावर मी स्वतः बांधलेला सेट आहे, गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत ताणलेली तार आहे आणि सरकारी परीक्षा देऊन मिळवलेला परवाना आहे. त्या परवान्यावर मी हवेतून देशभरातल्या माझ्यासारख्याच हौशी मंडळींशी बोलतो. आम्हाला हॅम म्हणतात. हे सगळं मी कौतुकाने सांगतो आणि लोक विचारतात, "यावर गाणी लागतात का?" नाही म्हटलं की त्यांचा रस संपतो आणि ते पाण्याच्या टँकरवर घसरतात.

गच्चीवरची तार सोसायटीला अजून नीट समजलेली नाही. एकदा तिच्यावर कुणाची तरी आख्खी गोधडी वाळत घातलेली होती आणि मी तासभर खाली बसून सेटला शिव्या घालत होतो. आता तिथे मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तीन भाषांत पाटी आहे. गोधडी गेली, पण कुरडया अधूनमधून दिसतात.

या नादाला मला लावलं ते साहेबांनी. साहेब म्हणजे ऑफिसातले माझे वरिष्ठ. मी पंचविशीत त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा त्यांनी माझं टायपिंग पाहिलं, माझं अक्षर पाहिलं, आणि "तुझ्या हातून कागदावर काही चांगलं होणार नाही, हवेत बघू" असं म्हणून मला हॅमच्या परीक्षेला बसवलं. त्यांच्या तोंडून कौतुक असं कधी आलं नाही. निवृत्तीनंतर ते रत्नागिरी जिल्ह्यात आपल्या गावी गेले. पुढे मीही मुंबईतलं घर सोडून भाईंदरला आलो. तेव्हापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, आम्ही रोज सकाळी सात वाजता हवेत भेटतो. अर्धा तास. आंब्याचा मोहोर, माझा गुडघा, त्यांच्याकडची वीज, आमच्याकडचं पाणी. राजकारण आणि धर्म यांवर हवेत बोलायला हॅम लोकांना बंदी आहे, त्यामुळे आमची मैत्री टिकली.

आता एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, कारण माझा सगळा मूर्खपणा तिच्यात आहे. दोन हॅम भेटले की आधी एकमेकांना गुण देतात. दोन आकडे असतात. पहिला आकडा पाचपैकी, समोरच्याचं बोलणं कळतंय किती याचा. तो कानाने ठरवायचा. दुसरा नऊपैकी, आवाज पोचतोय किती जोरात याचा. तो सेटवरच्या काट्यावर वाचायचा. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. आमच्या लोकांत पद्धत अशी की भेटेल त्याला पाच-नऊ द्यायचे. लग्नात जेवण कसं होतं विचारल्यावर जसं "छान" म्हणतात, तसं. "तुम्ही पाच-नऊ येताय, पाच-नऊ! बरं, तुमचं नाव परत सांगा, गाव परत सांगा, काय म्हणालात तेही परत सांगा." हा संवाद मी शेकडो वेळा ऐकलाय.

साहेब तसे नव्हते. आख्ख्या हवेत खोटे पाच-नऊ न देणारा एकच माणूस होता. चार-सहा असेल तर चार-सहाच. ऑफिसात आमचे गोपनीय अहवालही ते असेच लिहायचे, आणि त्यापायी त्यांना रिटायरमेंटचा हार घालायला फार गर्दी नव्हती. माझा सेट जेमतेम पाच वॅटचा, पण अकरा वर्षांत मला त्यांच्याकडून बहुतेक वेळा पाच-सात मिळाले होते आणि ते मी मेडलसारखे छातीवर लावून हिंडायचो.

गेल्या दिवाळीनंतर हे गुण घसरू लागले. आधी चार-सात. मग चार-सहा. संक्रांतीच्या सुमारास पहिल्यांदा तीन-सहा मिळाले तेव्हा मी नेहमीप्रमाणे सूर्याला दोष दिला. हॅम माणसाचं काही बिघडलं की तो सूर्यावरच्या डागांना जबाबदार धरतो. तेवढ्या लांबून कोणी उलट उत्तर द्यायला येत नाही. साहेब दर दोन वाक्यांनी "परत बोल" म्हणू लागले. मी सांगायचो गुडघ्याचं, ते उत्तर द्यायचे गुळाचं. त्यांचा सेट कंपनीचा, शंभर वॅटचा, त्यामुळे त्यांचा आवाज माझ्याकडे खणखणीत यायचा आणि त्यातला वैतागही खणखणीत यायचा.

आणि मग माघातल्या एका सकाळी ते म्हणाले, "अरे, आता बंद करावं म्हणतो. बँडवर काही राहिलं नाही. गणपतीला मुलगा येईल, तेव्हा तार उतरवून घेतो. सेट इथल्या शाळेला देऊन टाकतो."

मी "बरं साहेब" म्हटलं आणि सेट बंद केला. पुढ्यातले पोहे गेले नाहीत. मला सरळ रडू आलं. वडील गेले, थोरला भाऊ गेला, ऑफिस सुटलं. आता मला सगळे काका म्हणतात, अंकल म्हणतात, "अहो" तर घरात आहेच. "अरे" म्हणणारा माणूस या जगात तेवढा एकच उरला होता, आणि तोही गणपतीत तार उतरवणार होता.

बायकोने पोह्यांकडे आणि माझ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"साहेबांना माझा आवाज पोचत नाही."

"मग मोठ्याने बोला."

तिने हे सहज म्हटलं, पण मला तो दृष्टान्त वाटला. मोठ्याने बोलायचं! म्हणजे पॉवर वाढवायची. माझे पाच वॅट घेऊन त्यांचे शंभर करील असा ॲम्प्लिफायर बांधायचा आणि गणपतीच्या आत साहेबांच्या कानावर आदळायचा. परवान्यात ते बसत होतं. माझ्या डोक्यातही बसलं. अकरा वर्षं पाच वॅटवर जे नीट ऐकू येत होतं ते आताच का येईनासं झालं, हा प्रश्न मला पडला नाही. ज्याच्या हातात हातोडी असते त्याला आधी खिळा दिसतो आणि ज्याच्या हातात सोल्डरिंग आयर्न असते त्याला तर भिंतसुद्धा दिसत नाही.

ॲम्प्लिफायर कागदावर फार सोपा असतो. दोन ताकदीचे ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून बसवायचे, दोन लोखंडी कड्यांवर तार गुंडाळून एका बाजूने आवाज आत घ्यायचा, दुसऱ्या बाजूने वीसपट करून बाहेर काढायचा. मी असं चित्र वहीत काढलं, गणित केलं, उत्तर शंभर वॅट आलं. उत्तर आल्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं.

ट्रान्झिस्टरांची पहिली जोडी सोळा सेकंद जगली. फट् असा आवाज झाला आणि बारीक धूर निघाला.

"काय करपलं?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"काही नाही."

"गॅसवर माझंही काही नाहीये. म्हणजे तुमचंच."

दुसरी जोडी मिनिटभर टिकली. तिसरीने आठवडा काढला आणि मी पेढे आणावेत का याचा विचार करत असताना गेली. कारण नेहमी एकच असायचं. बाहेर पडणारी ताकद कुठून तरी चोरवाटेने परत आत शिरायची आणि ॲम्प्लिफायर माझी वाट न बघता स्वतःच बोंबलू लागायचा. बायकोने चटणीची एक वाटी काढून दिली. "यात टाका मेलेले. कचऱ्यात दिसले की मला कसंतरी होतं." महाशिवरात्रीपर्यंत वाटी अर्धी भरली.

चोरवाट बंद करायला सगळं धातूच्या डब्यात कोंडायला हवं होतं. घरात त्या मापाचा स्टीलचा डबा एकच होता आणि त्यात दिवाळीपासूनचा चिवडा होता. चिवडा मी तीन दिवसांत संपवला. त्याच्या खाणाखुणा पुढे महिनाभर डॉक्टरच्या कागदावर दिसल्या. मग डबा घेऊन इथल्याच खारी गावठाणात गेलो. तिथे गावातल्या जुन्या घरांच्या ओळीत एकाचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. त्याने डबा उलटासुलटा करून पाहिला.

"काका, याच्यात काय ठेवणार?"

"तापणारी वस्तू."

"मग हवा जायला जागाच न्हाय. उकडून मरणार हाय ती." त्याने बाजूला पंख्यासाठी गोल भोक पाडलं, वर जाळी मारली आणि मी न सांगता चार पाय लावले. पाच महिन्यांत ॲम्प्लिफायरला मिळालेला तेवढा एकच बिनचूक सल्ला.

चाचणी तारेवर करायची नसते, नाहीतर सगळ्या देशाला तुमची बोंब ऐकू जाते. त्याऐवजी शेवटाला काहीतरी लावायचं जे सगळी ताकद गिळून टाकेल. मी नवघर रोडच्या एका गॅरेजमधून रिक्षाच्या इंडिकेटरचे सात बल्ब आणले आणि एकापुढे एक जोडून त्यांची माळ केली. अशा जोडणीत गंमत ही असते की माइकवर बोललं की बल्ब पेटतात, गप्प बसलं की विझतात. जितका आवाज मोठा तितका उजेड.

मी माइक पुढे धरून "हॅलो, हॅलो, टेस्टिंग" म्हटलं. सातही बल्ब मिणमिणले. तारांना हात लावला, परत म्हटलं, परत मिणमिणले. मी निराश होऊन माइक तसाच दाबून बसलो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो! चहाचं काय पाणी करताय त्या!"

सातही बल्ब लख्ख पेटले. बाल्कनी उजळली. चाळीस वर्षं ज्याचा मी अनुभव घेतला होता त्याला पहिल्यांदाच मोजमाप मिळालं. बायकोला आधी राग आला, मग ती जवळ आली, माइक हातात घेतला आणि भाजीची यादी म्हणायला लागली. "मेथी" ला थोडा उजेड, "कोथिंबीर" ला जास्त, "फ्लॉवर" ला डोळे दिपले. दहा मिनिटं ती हटेना. मग कळलं की माझा ॲम्प्लिफायर व्यवस्थित होता, मीच त्याच्याशी घाबरत घाबरत बोलत होतो.

शंभर वॅट घेऊन पहिल्यांदा हवेत गेलो तेव्हा ज्येष्ठ लागला होता. सात वाजता मी साहेबांना हाक मारली. आधी इतर मंडळीच धावून आली. "पाच-नऊ आणि वर! काय केलंत काय? काटा तुटायचा!" नागपूरचे एक गृहस्थ म्हणाले, "एकदम क्लिअर, पाच-नऊ, बरं तुमचं गाव कोणतं म्हणालात?" शेवटी साहेब आले.

"साहेब, ऐकू येतंय का?"

"काय म्हणालास?"

"ऐकू येतंय का, साहेब?"

"तीन-नऊ," साहेब म्हणाले. "जोर आलाय. कळत काही नाही."

तीन-नऊ. अकरा वर्षांत मला असे गुण कुणी दिले नव्हते. काटा नऊवर आणि कळणं तीनवर. याचा अर्थ पुस्तकात एकच आहे: पॉवर भरपूर, पण आवाज फाटलेला. ॲम्प्लिफायर मोठा करतोय पण चेहरा वेडावाकडा करून. इतर सगळे पाच-नऊ देत होते, स्वच्छ आहे म्हणत होते, पण त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? या लोकांना उद्या प्रेशर कुकर ऐकवला तरी ते त्यालाही पाच-नऊ देतील. खरं बोलणारा माणूस एकच होता आणि तो म्हणत होता तीन.

मग मी तो आवाज साफ करायला बसलो. ट्रान्झिस्टरांना विश्रांतीच्या वेळी किती करंट द्यायचा ते शंभरदा बदललं. कडी बदलली, गुंडाळी उलगडून परत गुंडाळली. बाहेर पडताना वरचे नको ते सूर अडवून फक्त खालचे जाऊ देणारी एक चाळणी असते, फिल्टर म्हणतात, ती तीनदा बांधली. आषाढ निम्मा गेला. रोज सकाळी साहेबांना विचारायचं, "आता ऐकू येतंय का? आता? आणि आता?" रोज उत्तर तीन-नऊ. एके दिवशी ते म्हणाले, "नाही रे जमत. सोडून दे. गणपती आलेच." त्यांचा स्वर नेहमीसारखा वैतागलेला नव्हता, थकलेला होता, आणि त्याने मला जास्त भीती वाटली.

त्याच दिवशी नऊच्या सुमारास दारावरची बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, कडक, पण दिवाळीला न चुकता घुघरा, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्या, पाठवणाऱ्या.

"भाईसाब, सुबह सात बजे मेरे भजन के स्पीकर में आप बोलते हो ना?"

शंभर वॅट हवेत सोडले की थोडे शेजाऱ्यांच्या वायरीत शिरतात. शब्द कळत नाहीत, बदकाने तोंडात सुपारी धरून बोलावं तसं काहीतरी ऐकू येतं. मी साळसूदपणे विचारलं, "मैंच है, ये कैसे मालूम पडा?"

"गुस्सा तो आपका ही है," बेन म्हणाल्या.

आतून बायको हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. तिथे मात्र पाच-नऊ.

मी दोन लोखंडी कडी घेऊन खाली गेलो आणि बेनच्या स्पीकरची वायर त्यांच्यातून ओवून गुंडाळली. असं केलं की आगंतुक आवाज बाहेरच राहतो. त्या चहा घेऊन आल्या आणि समोर बसल्या.

"एक बात पूछूँ? शब्द समझ में नहीं आता, पर रोज एक ही बात बार बार पूछते हो. सामनेवाला जवाब नहीं देता?"

"देता है ना."

"तो फिर से वही क्यों पूछते हो?" त्यांनी बशीत चहा ओतला. "मेरी सासू के साथ हम लोग ऐसे ही बात करते थे. हम चिल्लाते थे, वो बोलती थी तुम लोग आजकल साफ नहीं बोलते. दो साल तक हम साफ बोलने की कोसिस करते रहे. बाद में मालूम पड़ा, कान गए थे."

मी वायर तशीच हातात धरून बसलो. तीन-नऊ. काटा नऊ, कान तीन. साहेबांनी मला पाच महिने रोज, न चुकता, शब्दशः खरं सांगितलं होतं. काट्याने काय दिसतंय ते आणि कानाने काय कळतंय ते. आणि मी ते दोन आकडे घेऊन ट्रान्झिस्टर बदलत बसलो होतो.

वर येऊन बायकोला सांगितलं. तिने त्याच क्षणी वहिनींना, म्हणजे साहेबांच्या पत्नीला, फोन लावला. वहिनी आधी कुजबुजत बोलत होत्या, मग त्यांच्याच लक्षात आलं की कुजबुजायची काही गरज नाही. दोन वर्षं कान हळूहळू जातायत, दिवाळीपासून फारच, म्हणाल्या. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, दाराची कडी ऐकू येत नाही, नातीचं बोलणं तर मुळीच कळत नाही. पण परड्यात शेजारची म्हैस हंबरली की बरोबर मान वर करतात. डॉक्टर म्हणाले वरचे सूर गेले आहेत, खालचे शाबूत आहेत. कानाचं मशीन आणलं, ते कपाटात चांदीच्या वाट्यांशेजारी आहे. "लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं म्हणतात. आणि भाऊजींना कळू देऊ नका हो. सगळ्यांत जास्त त्यांच्यासमोरच लाज वाटते त्यांना."

मला माझीच लाज वाटली. कानाने अधू झालेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मी रोज सकाळी, शंभर वॅटवर, निम्म्या देशासमोर "ऐकू येतंय का?" असं विचारत होतो. रोज त्यांना माझ्यासमोर "परत बोल" म्हणायला लावत होतो. त्यापेक्षा सेट शाळेला देऊन टाकणं त्यांना सोपं वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

दिवसभर मी घरात येरझारा घातल्या. संध्याकाळी फिल्टरची वही समोर दिसली आणि डॉक्टरांचं वाक्य डोक्यात नीट बसलं. वरचे सूर अडवायचे, खालचे जाऊ द्यायचे. साहेबांच्या कानात निसर्गाने तोच फिल्टर बसवला होता जो मी तीनदा बांधला होता. माणसाच्या बोलण्यातले स, श, त, क हे सगळे वर राहतात; ते गेले की मागे नुसता आ-ऊ उरतो. त्याला शंभर वॅटने गुणा नाहीतर हजाराने, आ-ऊच मोठा होणार. पण ज्यात स नाही, श नाही, एकच सूर आहे, आणि तो सूर ऐकणाऱ्याला बटण फिरवून म्हशीइतका खाली आणता येतो, असं बोलणं आमच्याकडे होतं. मोर्स. कट्ट कड, कट्ट कट्ट. तारायंत्राची जुनी भाषा.

साहेब तरुणपणी मोर्समध्ये स्वप्नं पाहत असावेत इतके तयार होते. मी परीक्षेपुरता शिकलो होतो आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी विसरलो होतो. गणपतीला दीड महिना उरला होता. मी जेवताना ताटावर चमचा ठोकायचो, लिफ्टमध्ये दारावर, बँकेत काउंटरवर. बायको म्हणाली, "पाच महिने डोक्यावर धूर काढलात, आता टाळकं उठवताय. साहेबांना एक पोस्टकार्ड टाकलं असतंत तर?" पण तीच मला रोज संध्याकाळी वर्तमानपत्रातली वाक्यं वाचून दाखवायची आणि मी ती रोमन अक्षरांत ठोकायचो. आम्ही मराठी मोर्स तसंच ठोकतो.

प्रश्न एवढाच होता की साहेबांना सांगायचं काय. "तुमचे कान गेलेत, मोर्सवर या" असं सांगण्यापेक्षा मी ॲम्प्लिफायरचं उघडं टर्मिनल धरलं असतं. शेवटी वहिनींच्या फोनवर त्यांच्यासाठी एक मजकूर पाठवला. "साहेब, माझा आवाज शेजाऱ्यांच्या स्पीकरमध्ये येतो म्हणून सोसायटीने माझ्या बोलण्यावर बंदी घातली आहे. आता फक्त मोर्स, आणि तोही पाच वॅटवर. उद्या सात वाजता येतोय. आणि साहेब, सूर अगदी खालचा ठेवून ऐका, माझ्या सेटला वरचा सूर सोसत नाही." शेवटचं वाक्य धडधडीत खोटं होतं. ऐकणाऱ्याने कोणता सूर ठेवावा याचा पाठवणाऱ्याच्या सेटशी काडीचाही संबंध नसतो. बायकोने विचारलं, "सोसायटीने बंदी कधी घातली?" मी म्हटलं, "घालायला हवी होती."

दुसऱ्या दिवशी सात वाजता ॲम्प्लिफायर बंद ठेवून मी साहेबांना हाक ठोकली. काही नाही. परत ठोकली. बाल्कनीत नुसती खरखर. बायको चहाचा कप घेऊन दाराशी उभी राहिली होती. तिसऱ्यांदा हाक मारायला हात उचलला तेवढ्यात खरखरीतून सावकाश, एकेक अक्षर मोजून यावं तसा साहेबांचा ठोका आला. मग वेग वाढला. पुढे तर मला लिहून घेता घेता पुरेवाट झाली.

पाच-सहा-नऊ. मोर्समध्ये तिसरा आकडा सुराच्या स्वच्छतेचा असतो. जोर सहा, कारण पाच वॅटला हल्ली तेवढाच मिळतो, आणि साहेब फुकट काही देत नाहीत. पण पहिला आकडा पाच होता. पाचपैकी पाच. मी पेन्सिल ठेवली आणि डोळे पुसले, त्यात त्यांची पुढची दोन वाक्यं गेली. सापडलं ते एवढंच: "हात भिकार आहे तुझा. रोज सराव कर."

पाऊण तास बोललो. भात कसा आलाय, माझा गुडघा, नातीला कोणत्या वर्गात घातलंय. एकदाही त्यांनी "परत" म्हटलं नाही; चार वेळा मला म्हणावं लागलं. शेवटी त्यांनी ठोकलं की शाळेला निरोप पाठवलाय, सेट इतक्यात मिळणार नाही.

मी सेट बंद करायला हात नेला. आणि पुन्हा ठोका आला, अगदी सावकाश, मला एकही अक्षर चुकू नये म्हणून.

"तुझ्या सोसायटीला माझे आभार कळव."

मी "कळवतो, साहेब" असं ठोकलं. त्यात एक अक्षर चुकलं, आणि ते त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त करून परत पाठवलं.